एकटी राहत असल्याचा दाखला

ही मुलाखत आपण मारणार, याबद्दल बाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आता, बाई म्हणजे गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणाऱ्या. एवढी खात्री त्यांना स्वतःच्या वाढदिवसाचीही कधी वाटली नसेल! पण या वेळची तयारीच तशी होती. शैक्षणिक धोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी विद्यापीठाने जे जे मागितलं, ते ते बाईंनी मुदतीच्या आत पाठवून दिलं होतं. प्रमाणपत्रं, शिफारसपत्रं, हा अभ्यासक्रम मला का करायचा आहे यावर निबंध, आणि शाळा वर्षभराची रजा द्यायला तयार आहे असं मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र.

ते पत्र मिळवणं म्हणजे सिंहाच्या जबड्यातून घास काढण्यासारखं होतं.

"इतकी वर्षं शिकवताय बाई, आता शिकून काय करणार?" मुख्याध्यापकांनी विचारलं होतं.

"वरून परिपत्रकं येतात ना सर, ती कोण लिहितं आणि कशी लिहितं, ते बघायचंय."

"मला ती वाचायला जमत नाहीत, आणि तुम्ही लिहायला निघालात!" असं म्हणत त्यांनी सही केली, पण कागद हातात देताना धरून ठेवला. "यंदाच हं. पुढच्या वर्षी मी निवृत्त. माझ्या जागी जो येईल, तो तुम्हाला अर्ध्या दिवसाची रजा देईल तर शपथ."

म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

निबंधात बाईंनी दप्तराची गोष्ट लिहिली होती. मुलांच्या पाठीवरचं ओझं कमी करा, असं एक परिपत्रक मागे आलं होतं. विचार सोन्यासारखा! तो शाळेपर्यंत पोचला तेव्हा शाळेने वजनकाटा आणला. रोज सकाळी रांगेत दप्तरांचं वजन होऊ लागलं. ते लिहून ठेवायला प्रत्येक मुलाला एक जाड वही मिळाली आणि ती रोज दप्तरातून आणणं सक्तीचं झालं. 'चांगला विचार वरून खाली येताना वाटेत त्याचं काय होतं, हे मला समजून घ्यायचं आहे,' असा बाईंनी शेवट केला होता, आणि त्यावर त्या मनातल्या मनात बऱ्यापैकी खूश होत्या.

अडचण एकच होती. अभ्यासक्रम पूर्णवेळ आणि निवासी. मागच्या काही तुकड्यांमधले निम्मे लोक घरच्या अडचणी सांगून मध्येच गाशा गुंडाळून गेले होते, आणि विद्यापीठाला त्याचा वीट आला होता. म्हणून अर्जात एक रकाना वाढवला होता. घरी कोण कोण आहे? आपल्यावर कोणाकोणाची जबाबदारी आहे? खोटी माहिती दिल्याचं आढळल्यास अर्ज बाद.

निबंध बाईंनी एका बैठकीत लिहिला. या रकान्याला अख्खी दुपार लागली. आधी त्यांनी लिहिलं, 'वडील'. मग ते खोडलं. मग 'सध्या कोणी नाही' असं लिहिलं. त्यातला 'सध्या' विनाकारण आहे, हे मराठीच्या शिक्षिकेला कोणी सांगायला नको होतं. शेवटी लिहिलं, 'मी एकटी राहते. माझ्यावर कोणाचीही जबाबदारी नाही.' ते वाचून बघितलं. व्याकरणाची चूक कुठेच नव्हती. मग त्या उठल्या आणि उगाचच सगळ्या खोल्यांचे पंखे पुसून काढले.

मुलाखत संगणकावरून, घरबसल्या होती. सकाळी अकरा ते बारा. बाईंच्या घरात आवाज करायला कोणी नव्हतंच. स्वयंपाकघरात चमचा पडला तर त्याचीही सोबत वाटावी, असं घर. वडील गेल्यावर पहिले काही दिवस माणसं आली, पायऱ्यांवर चपला मावेनात. मग एकेकाची कामं निघाली. त्यात कोणाचा दोष नव्हता. माणसं कामाची असतात. आठ महिन्यांत बेल वाजली ती मीटर बघणाऱ्याची, आणि एकदा चुकून.

पण इमारत! इमारत म्हणजे बँडपथकाचा सरावच. डोक्यावर वरच्या काकूंकडे नवी फरशी बसत होती आणि मिस्त्रीचं कटर सकाळपासून किंचाळायचं. खालच्या मजल्यावर शिंपीदादांची मशीन. तळमजल्यावर दातवाल्या डॉक्टरांचं गिरमीट, आणि ते बंद असेल तेव्हा त्यांचे रुग्ण. या गोंधळात समितीला आपण काय सांगणार, आणि समितीला काय ऐकू येणार?

बाईंनी ठरवलं, इमारतीच्या ग्रुपवर एक सूचना टाकायची. बस.

आता इथेच माशी शिंकली. त्या ग्रुपवर बाई नव्हत्याच. एका घराचा एकच नंबर, असा सोसायटीचा नियम होता आणि बाईंच्या घराचा नंबर वडिलांचा होता. वडील अनेक वर्षं सोसायटीचे सचिव होते. टाकी धुणं असो की जिन्याला रंग, सूचना त्यांचीच. त्यांचा फोन बाईंनी बंद केला नव्हता. रोज रात्री स्वतःच्या फोनबरोबर त्या तोही चार्जिंगला लावायच्या. का, असं कोणी विचारलं असतं तर 'बँकेचे मेसेज येतात' असं उत्तर तयार होतं. कोणी विचारलं नव्हतं.

तर आदल्या संध्याकाळी बाईंनी तो फोन घेतला आणि लिहिलं, 'उद्या सकाळी अकरा ते बारा या वेळेत सर्वांनी कृपया शांतता राखावी. सहकार्याची अपेक्षा.' शेवटचे दोन शब्द वडिलांचे. त्यांची कुठलीच सूचना या शब्दांशिवाय पुरी होत नसे. बाईंनी ते जाणूनबुजून नव्हे, तर घरातलं वळण म्हणून लिहिले. मग उद्या ऐन वेळी वाजायला नको म्हणून फोन बंद करून कपाटात ठेवला आणि कृतकृत्य होऊन जेवायला बसल्या.

इकडे इमारतीत हाहाकार उडाला!

पुढचं सगळं बाईंना नंतर कळलं. वरच्या काकू टीव्ही बघत होत्या. फोन वाजला म्हणून बघतात तर काय, आठ महिन्यांपूर्वी गेलेल्या माणसाचा फोटो, तोच चष्मा, तेच अर्धं हसू, आणि खाली सूचना! काकूंनी हातातली वाटी खाली ठेवली, ती टेबलावर नव्हे, हवेत. शिंपीदादांनी सुई बोटात घातली. आणि सध्याचे सचिव, जे मूळचेच घाबरट, त्यांनी आधी दार लावून घेतलं, मग फोन उशीखाली घातला आणि मग उशीवर बसले.

ग्रुपवर कोणी उत्तर दिलं नाही. कोण देणार? दिलं आणि पलीकडून 'आभारी आहे' आलं म्हणजे! म्हणून तो एक नंबर वगळून सचिवांनी घाईघाईने दुसरा ग्रुप काढला, आणि तिथे चर्चा पेटली.

"बाईंनीच टाकलं असणार. दुसरं कोण?" डॉक्टरांनी लिहिलं. शिकलेला माणूस.

"पण वडिलांच्या नंबरवरून का?" शिंपीदादा.

"शांतता कशासाठी?"

यावर काकूंच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "अहो, वर्ष झालं असेल! वर्षाची शांतता!"

"वर्ष? आत्ता आत्ता तर गेले."

"दिवस कसे जातात कळतं का? बिचारी. उघडपणे या म्हणायला लाजली असेल. आपण कोणी गेलो का एकदा तरी तिच्याकडे?"

या प्रश्नाला सगळ्यांनी जोडलेल्या हातांचं चित्र तेवढं पाठवलं.

मग सचिवांनी सूत्रं हाती घेतली. मूळ सूचना त्यांना फार मोघम वाटली. त्यांनी ती थोडी सुधारून, स्वतःच्या नावाने पुढे पाठवली. 'उद्या सकाळी ठीक अकरा वाजता माजी सचिवांच्या घरी त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ शांतता पाळण्यात येईल. सर्वांनी उपस्थित राहावे. बेल वाजवू नये. बोलू नये. कार्यक्रम बारापर्यंत.'

सकाळी बाई संगणकासमोर बसल्या. इस्त्रीची साडी, विंचरलेले केस, कानात ते दोन छोटे इअरफोन. वरचं कटर गप्प. खालची मशीन गप्प. गिरमीट गप्प! सूचनेचा एवढा मान? बाईंना भरून आलं. वडिलांच्या शब्दाला अजून किंमत आहे, असं त्यांच्या मनात आलंच.

पडद्यावर समिती उमटली. मधल्या चौकटीत अध्यक्षबाई, पांढऱ्या केसांच्या, करारी. डावीकडे एक प्राध्यापक, ज्यांना कॅमेरा कुठे धरावा ते कळत नसल्यामुळे त्यांचं फक्त कपाळ दिसत होतं. उजवीकडची चौकट काळी होती. त्या काळोखात तिसरे सदस्य होते, आणि ते मधूनमधून खोकत होते.

"तुमचा निबंध आम्ही वाचला. दप्तराचा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"छान आहे," कपाळ म्हणालं.

काळोख खोकला.

सुरुवात झकास झाली. शाळा किती वर्षं, वर्ग कोणते, अमुक बदल झाला तेव्हा काय अनुभव आला. बाईंची गाडी रुळावर आली, वेग घ्यायला लागली. आणि तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे घराचं दार उघडलं.

वडिलांच्या आजारपणात अडीनडीला असावी म्हणून घराची एक किल्ली वरच्या काकूंकडे दिलेली होती. ती परत मागायचं बाईंना सुचलं नव्हतं, आणि परत द्यायचं काकूंना. बेल वाजवायची नाही, असा आदेश असल्यामुळे काकूंनी आज ती किल्ली वापरली. आणि काय वापरली! चोर शिकायला आला असता. चपला हातात घेऊन, टाचा उचलून, मंडळी एकामागोमाग एक आत आली. पुढे सचिव, मागे काकू, त्यांच्यामागे शिंपीदादा गळ्यात टेप घालून. मग फरशीचे मिस्त्री, कारण काकूंनी काम बंद केल्यावर एकट्याने वर बसून ते करणार काय? मग दातवाले डॉक्टर. आणि डॉक्टरांच्या मागे त्यांचा एक रुग्ण! अर्धी दाढ कोरून झाली होती, खुर्चीत एकट्याला ठेवणं बरं दिसेना, म्हणून डॉक्टरांनी त्यांनाही बरोबर आणलं होतं. गाल सुजलेला, तोंडात कापूस. शांतता पाळण्यात सर्वांत पुढे तेच होते.

बाईंना यातलं काही ऐकू आलं नाही. कान बुजलेले होते. त्यांना दिसलं एवढंच की अध्यक्षबाईंची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच राहिली.

"तुम्ही रकान्यात लिहिलं आहे," अध्यक्षबाई सावकाश म्हणाल्या, "की तुम्ही एकट्या राहता."

"हो," बाई म्हणाल्या.

"घरात दुसरं कोणी नाही?"

"कोणीच नाही."

कपाळावर आठी पडली. काळोख खोकायचा थांबला.

"मॅडम," काळोखातून पहिल्यांदाच शब्द आले, "मग तुमच्या मागे हे जे सहा जण उभे आहेत, ते कोण?"

बाईंनी वळून पाहिलं.

भिंतीशी रांगेत सहा माणसं. हात पुढे बांधलेले, माना खाली. सचिवांच्या हातात फुलांचा गुच्छ.

"अहो, काय हे? तुम्ही सगळे... इथे?" त्या कशाबशा कुजबुजल्या.

सचिवांनी मान वर न करता तोंडावर बोट ठेवलं. "शूऽऽ!"

"अहो, पण माझी..."

"शूऽऽऽ!" आता सगळ्यांनी मिळून. रुग्णाने हाताने.

बाई वळून पडद्याकडे बघतात, तर तिथे वेगळंच! शिक्षणखात्यात हयात घालवलेल्या माणसांना एक सवय असते. समोर चार जण माना खाली घालून उभे दिसले की ती आधी उभी राहतात, आणि कशासाठी ते नंतर विचारतात. अध्यक्षबाई उठून उभ्या होत्या. प्राध्यापकही उठले होते, त्यामुळे आता कपाळाच्या जागी त्यांचा कमरेचा पट्टा दिसत होता.

"मीही उभा आहे," काळोख आदराने म्हणाला.

अशी ती मुलाखत. समिती उभी, इमारत उभी, आणि मध्ये बाई एकट्याच बसलेल्या. आपणही उभं राहावं का, हे त्यांना कळेना. शेवटी त्याही राहिल्या. त्यामुळे पडद्यावर त्यांच्या साडीच्या निऱ्या तेवढ्या दिसत राहिल्या.

किती वेळ गेला कोण जाणे. कोणीतरी पहिल्यांदा बसायला हवं होतं, आणि सभ्यपणामुळे कोणीच बसत नव्हतं.

"कोण गेलं?" शेवटी अध्यक्षबाईंनी हळूच विचारलं.

"माझे वडील," बाई म्हणाल्या.

"अरेरे! कधी?"

"आठ महिने झाले."

पट्टा खाली गेला आणि कपाळ पुन्हा चौकटीत आलं. त्यावर आता दोन आठ्या होत्या. अध्यक्षबाईही बसल्या. आवाज मऊ राहिला, पण शब्दांना धार आली. "मॅडम, तुमच्या दुःखाबद्दल वाईट वाटतं. पण आम्हाला स्पष्ट विचारायलाच हवं. घर माणसांनी भरलेलं दिसतंय. आमच्या अटी तुम्हाला माहीत आहेत. खोटी माहिती दिली असेल, तर..."

"खोटी नाही!" बाई म्हणाल्या. "मी एकटीच राहते. काल मी एक सूचना काढली होती, शांतता राखा म्हणून, या मुलाखतीसाठी. हेतू चांगला होता, भाषा सोपी होती. वरून खाली... म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत जाता जाता तिचं हे झालं." त्यांनी मागे हात केला. "दप्तराचं झालं तसंच."

"कल्पना चांगली आहे," कपाळ म्हणालं, पण ते पटून म्हणालं की उमेदवार हजरजबाबी आहे म्हणून म्हणालं, ते कळायला डोळे दिसायला हवे होते.

"पण नुसतं सांगून कसं चालेल?" काळोख म्हणाला. "यांतलं कोणी तुमच्यावर अवलंबून नाही, याला पुरावा काय?"

पुरावा! एकट्या माणसाने एकटं असल्याचा पुरावा कुठून आणायचा? मघा उभं राहताना इअरफोनची वायर संगणकातून निघून आली होती, त्यामुळे समितीचं बोलणं आता सगळ्या खोलीला ऐकू जात होतं. आणि मागे वरच्या काकूंचे गुडघे, जे इतका वेळ काकूंच्या परवानगीने उभे होते, त्यांनी संप केला.

"नाही गं उभं राहवत आता!" म्हणत काकू पुढे आल्या आणि बाईंच्या रिकाम्या खुर्चीत, कॅमेऱ्याच्या पुढ्यात, धपकन बसल्या.

"काकू, शांतता! बारा वाजायचेत अजून!" सचिव दातओठ खाऊन पुटपुटले.

"खड्ड्यात गेली शांतता! ऐकलं नाहीत का? तिला खोटारडी म्हणतायत ते!" काकूंनी पडद्यावर बोट रोखलं. "अहो ताई, मी हिच्या डोक्यावर राहते. मी सांगते ना तुम्हाला, ही एकटीच असते! हिच्याकडे कोणी म्हणता कोणी येत नाही. मी स्वतः आठ महिन्यांत एकदाही आले नाही!"

"काकू," बाई म्हणाल्या.

"तू थांब गं. खरं ते खरं. किल्ली माझ्याकडे, पण पाय वळले का? नाही वळले!"

"मीही नाही आलो," शिंपीदादा पुढे सरसावले. "ब्लाऊज शिवून तयार होतं त्यांचं. वर नेऊन द्यायचं म्हणत होतो. म्हणणं म्हणण्यातच राहिलं. अजून तिथेच लटकतंय!"

"मी रोज यांच्या दारावरून जातो," सचिव म्हणाले. त्यांना मागे राहणं शक्यच नव्हतं. "रोज! आणि आतून दिवा दिसला की पाय न वाजवता जातो. बोलावलं तर काय बोलायचं, म्हणून. हवं तर सोसायटीच्या लेटरहेडवर लिहून देतो. सही-शिक्क्यानिशी!"

"दिसल्या की हात करतो मी," डॉक्टर म्हणाले. "तेवढंच. तेही घाईत."

मिस्त्री म्हणाले, "मी तर ओळखतच नाही यांना."

रुग्णाने कापसासकट काहीतरी सांगितलं. ते कोणालाच समजलं नाही, पण त्यांचाही पाठिंबा आहे एवढं समजलं.

बाई बाजूला उभ्या होत्या. त्यांच्याच घरात, त्यांच्यासमोर, साक्षीदार एकमेकांना ढकलत पुढे येऊन शपथेवर सांगत होते की या बाईंना जगात कोणी विचारत नाही. आणि प्रत्येकजण दुसऱ्यापेक्षा वरचढ! वकील लावला असता तरी इतकी भक्कम बाजू कोणी मांडली नसती. या मंडळींचे आभार मानावेत, की एकेकाला घराबाहेर काढून दार लावून घ्यावं, हे काही त्यांना ठरवता येईना. म्हणून त्या पाणी आणायला आत गेल्या आणि माठापाशी भांडं धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. भांडं भरून वाहायला लागलं तेव्हा तोटी बंद केली.

बाहेर आल्या तेव्हा काकू समितीला विचारत होत्या, "तुमच्यातले ते काळे कोण? दिसत का नाहीत? आजारी आहेत का? खोकला किती दिवसांचा आहे?"

"दोन आठवडे झाले," काळोख म्हणाला.

"घरी कोणी बघणारं आहे ना?"

काळोख नुसताच खोकला.

"मुलाखतीची वेळ संपली आहे," अध्यक्षबाई ओठाआड काहीतरी दाबत म्हणाल्या. ते हसू होतं की दुसरं काही, ते बाईंना कळलं नाही. पडदा विझला.

मग खोलीत जी शांतता झाली, ती मात्र कोणी पाळलेली नव्हती.

"म्हणजे... आज वर्ष नाहीये?" सचिवांनी विचारलं.

"नाही."

"आणि ती मुलाखत होती?"

"होती."

सचिवांनी हातातल्या गुच्छाकडे पाहिलं, मग तो बाईंच्या हातात दिला. कुठल्या समारंभाचा म्हणून, ते त्यांनी सांगितलं नाही. डॉक्टरांना अर्धी दाढ आठवली आणि ते रुग्णाला घेऊन खाली पळाले. शिंपीदादा "ब्लाऊज आणतो, आजच" म्हणत गेले. काकू सर्वांत शेवटी उठल्या. दारात त्यांनी किल्ली काढून बाईंपुढे धरली.

"ही घे बाई तुझी. फार वाईट केलं मी आज."

"असू द्या तुमच्याकडे," बाई म्हणाल्या. "फक्त येताना बेल वाजवत जा."

सचिव जिन्यातून परत वर आले. "बाई, तुमचा नंबर द्या. ग्रुपवर घालतो. आणि तो... वडिलांचा काढू ना?"

बाई हातातल्या गुच्छातली फुलं सारखी करू लागल्या.

"नियम एका घराला एकाच नंबरचा आहे," सचिव म्हणाले. मग डोकं खाजवलं. "नियमाचं काय, बसवू कुठेतरी."

त्या संध्याकाळी काकू आल्या, बेल वाजवून. दुसऱ्या दिवशी शिंपीदादा आले. तिसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. मग वर पुन्हा कटर सुरू झालं, खाली मशीन सुरू झाली, आणि माणसं पुन्हा आपापल्या कामाला लागली. बाईंनी मुलाखतीचा विषय मनातून काढून टाकला. म्हणजे, दिवसातून चारदा काढायच्या.

महिना उलटून गेल्यावर एका दुपारी, शाळेच्या शिक्षकखोलीत वह्या तपासताना फोन आला. विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयातला कारकून होता. आवाजावरून जेवण नुकतंच झालेलं असावं.

"अभिनंदन मॅडम. निवड झाली तुमची."

बाईंच्या हातातलं लाल पेन वहीवर एक लांब रेघ ओढत गेलं. त्या मुलाला त्या दिवशी विनाकारण दहापैकी दहा मिळाले.

"ऐकताय ना?"

"ऐकतेय, ऐकतेय!"

"वसतिगृहाचं तेवढं सांगायचं होतं. एकेकट्याच्या खोल्या आहेत आमच्याकडे, आणि रिकाम्याही आहेत. पण तुमच्या फाइलवर समितीने शेरा मारलाय. तिघांच्याही सह्या आहेत. वाचून दाखवतो हं." कागद फडफडले. "'उमेदवार एकटी असल्याचे समितीस पूर्णपणे पटले. सबब, उमेदवारास एकटीची खोली देऊ नये.'"

बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं.

"आता यातून काय अर्थ काढायचा तो तुम्ही काढा. मला वरून आलं, मी खाली सांगितलं. चार जणींची खोली आहे. खिडकी रस्त्याच्या बाजूला, गलका असतो जरा. हरकत असेल तर आत्ताच सांगा, मला रकाना भरायचाय."

"थांबा हं," बाई सवयीने म्हणाल्या, "घरी विचारून सांगते."

"घरी?" कारकुनाने पुन्हा कागद चाळले. "घरी कोणाला विचारणार मॅडम? इथे तर चांगलं ठळक लिहिलंय, कोणी नाही म्हणून!"

शिक्षकखोलीत कोणीतरी कपाट ओढत होतं. ते ओढून होईपर्यंत बाई थांबल्या.

"खरंच की," त्या म्हणाल्या. "मग लिहा, हरकत नाही."